‘माझी रयत’ म्हणायचा हक्क कुणाला?

विट्याकडच्या आमच्या एका मावसभावाचं बिऱ्हाड पस्तीस वर्षांपूर्वी गलाईच्या धंद्यासाठी राजमहेंद्रीला गेलं. खानापूर-आटपाडीच्या कोरडवाहू पट्ट्यातली अशी कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलीत. यात्रेला गावी येतात, गावात बंगला बांधतात आणि त्याला कुलूप लावून परत जातात. पोरं मात्र तिकडच्या शाळेत तिकडच्या भाषेत वाढतात. मावसभावाची थोरली घरात मराठी बोलते, पण भांडायला लागली की तेलुगूत भांडते. तिच्यासाठी मी साताऱ्यातलं एक स्थळ सुचवलं. फोनवर एवढंच म्हणालो, “घर चांगलं आहे. मुलगा रयतमध्ये आहे.”

चार दिवस काही उत्तर नाही. पाचव्या दिवशी मावसभाऊ चाचरत म्हणाला, “दादा, स्थळाला नाव ठेवायला जागा न्हाई ओ. पण पोरगी म्हणती, शेतकरी नको.”

“शेतकरी कोण म्हणालं?”

“तुम्हीच की. रयत म्हणला न्हवं? तिकडं रैतु म्हंजे शेतकरी.”

मुलगा रयत शिक्षण संस्थेच्या हायस्कूलात गणित शिकवतो, हे सांगितल्यावर बोलणी पुन्हा सुरू झाली. (शेतकरी म्हटल्यावर चार दिवस फोन बंद होतो, याचं काय करायचं हा वेगळा विषय. त्यावर लिहायला बसलो तर हा लेख राहून जाईल.) पोरीचं काही चुकलं नव्हतं. तेलुगूत रैतु म्हणजे शेतकरीच. आंध्रात १९९९ पासून शेतकऱ्यांनी थेट भाजी विकायचे सरकारी बाजार आहेत, त्यांचं नावच रैतु बाजार. कानडीत रैत. जत तालुक्यात उमदीच्या पुढं सीमा ओलांडली की हिरवी शाल खांद्यावर टाकलेले रैत संघाचे कार्यकर्ते भेटतात. त्यांना ‘तुम्ही रयत का?’ विचारलं तर अभिमानानं हो म्हणतील.

साताऱ्यात मात्र रयत म्हणजे संस्था. ‘पोरगा रयतला लागला’ म्हणजे नोकरी पक्की झाली. ‘रयतमधनं रिटायर झाले’ म्हणजे पेन्शन आहे. शिपायापासून प्राचार्यापर्यंत सगळे ‘रयत सेवक’. इथल्या शाळकरी पोराला रयत म्हणजे काय विचारा, ते वडाच्या झाडाकडे बोट दाखवील, कारण संस्थेचं बोधचिन्ह तेच आहे. शब्दाचा मूळ अर्थ त्याला इतिहासाच्या पुस्तकात नंतर भेटतो.

आणि याच साताऱ्यात, सांगलीतही, तो आणखी एका ठिकाणी भेटतो. माइकवर. “माझ्या रयतेसाठी मी काहीही करीन”, “आमची रयत आमच्या पाठीशी आहे”, आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, गॉगलच्या फोटोखाली, ‘रयतेचा राजा’. हे एका पक्षाचं किंवा एका घराण्याचं म्हणून मी सांगत नाही. कालपरवा पंचायत समितीवर निवडून आलेला पोरगाही असंच बोलतो, आणि समोरचे टाळ्या वाजवतात. माझं म्हणणं एवढंच की मत मागून निवडून आलेल्या माणसाला ‘माझी रयत’ म्हणायचा हक्क नाही. रयत शब्द टाकून द्यावा असं मला बिलकूल वाटत नाही. त्याच्याआधी लागणारं ‘माझी’ मला खुपतं. का खुपतं ते सांगायचं तर हा शब्द आशियाभर कुठं कुठं फिरला आणि कुठं त्याचं काय झालं, ते बघावं लागतं.

शब्द अरबी. मूळ धातूचा अर्थ चारणं, राखणं. राखणारा तो ‘राई’, म्हणजे मेंढपाळ, आणि त्यानं राखायचा कळप ती ‘रइय्या’. दहिवडी-म्हसवडकडच्या आपल्या माणसांना हे समजावून सांगायची गरज नाही. पावसाळा सरला की माणमधनं खाली उतरणारे मेंढरांचे वाडे त्यांनी पाहिलेत. कळपात मेंढराला कुणी विचारत नाही कुठं जायचं ते. पण लांडग्यानं एक नेलं तर रात्रभर झोप मेंढपाळाची उडते, मेंढरांची नव्हे. अरबीतल्या त्या प्रतिमेत ही दुसरी बाजूही आहे. तुमच्यातला प्रत्येक जण राखणदार आहे आणि आपापल्या कळपाबद्दल प्रत्येकाला जाब द्यावा लागेल, अशा आशयाचं पैगंबरांचं वचन मुसलमान समाजात सर्वतोमुखी आहे. शब्द रयतेला खाली बसवतो हे खरं, पण वर बसलेल्याला तो मोकळं सोडत नाही.

याच धातूतून निघालेला दुसरा शब्द हिंदीवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातला: रियायत. आधी काळजी, मग सूट, सवलत. रयत आणि रियायत सख्ख्या बहिणी. आपल्याकडचा निम्मा जाहीरनामा या दोघींवर निघतो.

तुर्कांच्या उस्मानी राज्यात माणसांचे दोन ढोबळ वर्ग होते. शस्त्र किंवा लेखणी घेऊन सुलतानाची चाकरी करणारे एक, त्यांना कर माफ. आणि कर भरणारे ते ‘रेआया’. इराणात रअय्यत म्हणजे जमीनदाराच्या जमिनीवर राबणारं कूळ. मालक आणि रअय्यत ही तिथल्या गावगाड्याची जोडीच होती, आणि १९६२ च्या जमीन सुधारणा कायद्यानं ती मोडायला घेतली गेली. आज फारसीत नागरिकासाठी वेगळा शब्द आहे, ‘शहरवंद’. कुणाला रअय्यत म्हटलं तर त्याला ते लागतं.

आपल्याकडे इंग्रजांनी गंमत केली. एकाच शब्दाचे दोन प्रांतांत दोन अर्थ कायद्यात बसवले. बंगालमध्ये १७९३ साली कायमधारा ठरवून जमीनदाराला मालक केलं, तेव्हा रयत त्याच्या खालची झाली. पुढं १८८५ चा बंगालचा कूळकायदा आला, त्यातही रयत हे कूळच, फक्त थोडे हक्क मिळालेलं. मद्रासेत मन्रोनं आणि नंतर मुंबई इलाख्यात इतरांनी जी पद्धत चालवली, तिचं नावच रयतवारी. तिथं मध्ये जमीनदार नाही. शेतकऱ्याचं नाव थेट सरकारच्या वहीत, सारा थेट सरकारच्या तिजोरीत. म्हणजे तेव्हा बंगालात मोडणाऱ्या पाटण्याची रयत कुणाची तरी कूळ आणि कराडची रयत स्वतःच्या नावानं खातं असलेली. बिहारच्या जमिनीच्या कागदांत रैयत हा शब्द अजून चालू आहे. आपल्या सातबाऱ्यावरून तो गेला. तिथं आता ‘भोगवटादार’ आहे. नुसतं भोगतो तो. मालक म्हणायला आपलं सरकारही कचरतं.

अर्थात वहीत नाव आलं म्हणून कराडची रयत सुखी झाली, असं नाही. सातारचं राज्य १८४८ साली डलहौसीनं खालसा केलं आणि इथला शेतकरी थेट कंपनीचा देणेकरी झाला. जमीनदार नव्हता, पण सावकार होता. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. चार वर्षांनी शेतकऱ्यांना कर्जातून वाचवण्यासाठी कायदा करावा लागला, आणि तो ज्या जिल्ह्यांसाठी केला त्यात पुणे, नगर, सोलापूर यांच्याबरोबर सातारा होता. शब्दात मालकी आली तरी पोटात भाकरी येतेच असं नाही, याचा हा आपल्या घरचा दाखला.

तिकडं तेलंगणात २०१८ मध्ये ‘रैतु बंधु’ ही सरकारी मदत योजना आली, एकरी एका हंगामाला ४,००० रुपये. पैसे मिळाले ते ज्याच्या नावावर जमीन त्याला. कसणारा मात्र तिथं ‘कौलु रैतु’, आपल्या कौलाचाच तो शब्द, खंडानं जमीन करणारा. तो यादीत नव्हता. रयत म्हणजे कसणारा की सातबारावाला, हा वाद बंगालपासून तेलंगणापर्यंत दोनशे वर्षं तसाच चालत आलाय.

पण या शब्दानं सगळ्यात मोठी मजल मारली ती समुद्रापलीकडे, आणि आपल्या माइकवाल्यांनी ऐकावं ते हेच. मलय आणि इंडोनेशियाच्या भाषेत तो गेला आणि ‘राक्यात’ झाला. लिहिताना त्यात क आहे, बोलताना तो घशात अडकतो, त्यामुळे कानाला जवळजवळ रयतच ऐकू येतं. जुन्या मलय दरबारांत त्याचा अर्थ आपल्यासारखाच होता: वर राजा, खाली राक्यात. विसाव्या शतकात डच आणि इंग्रज सत्तेविरुद्ध चळवळी उभ्या राहिल्या तेव्हा ‘पीपल’साठी शब्द हवा होता. त्यांनी नवा घडवला नाही. खाली बसलेल्यालाच उचलून वर बसवलं.

१९४५ च्या इंडोनेशियाच्या राज्यघटनेतलं पहिलंच कलम सांगतं की सार्वभौमत्व राक्यातच्या हातात आहे. सार्वभौमत्वाला तिथं शब्द आहे ‘कदाउलातान’. त्याच्या पोटात ‘दाउलात’ आहे, म्हणजे आपली दौलत. आपण दौलत म्हणताना आता सोनंनाणं बघतो, पण पेशवाईतल्या कागदांत दौलत म्हणजे राज्य. ‘दौलतीचं काम’ म्हणजे सरकारी काम. म्हणजे इंडोनेशियाच्या घटनेतला तो ‘कदाउलातान राक्यात’ मराठीत अक्षरशः ‘रयतेची दौलत’ होतो. याच नावाचं एक वर्तमानपत्र योग्यकार्ता शहरात १९४५ पासून निघतं. आणि त्या शहरात आजही सुलतान आहे, निवडणूक न लढवता कायद्यानं तोच गव्हर्नर असतो. सुलतानाच्या गावात सकाळी दारात पडणाऱ्या पेपरचं नाव ‘रयतेची दौलत’. सातारकराला यातली मजा वेगळी सांगायला नको.

त्यांच्या संसदेच्या सभागृहाचं नाव बघा: ‘देवान पेरवाकिलान राक्यात’. दिवाण, वकील, रयत. तिन्ही शब्द आपल्या घरातले. आपल्याकडे दिवाण आता बैठकीच्या खोलीत चादर टाकून बसायचा राहिला आणि वकील कोर्टात काळा कोट घालून उभा. मराठेशाहीत मात्र वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात आपली बाजू मांडणारा प्रतिनिधी. इंडोनेशियानं तो अर्थ जपला: खासदार म्हणजे रयतेचा वकील. वकील पक्षकाराला ‘माझा’ म्हणतो तो कुठल्या अर्थानं आणि मेंढपाळ मेंढराला ‘माझं’ म्हणतो तो कुठल्या अर्थानं, यातला फरक ज्याला कळला त्याला माझा लेख पुढं वाचायची गरज नाही. मलेशियात खालच्या सभागृहाचं नाव ‘देवान राक्यात’, सदस्य २२२. तिथं राजेही आहेत आणि त्यांचा जयजयकार ‘दाउलात तुआंकू’ असा होतो. दौलत राजाच्या जयजयकारात आणि रयत सभागृहाच्या पाटीवर, अशी वाटणी त्यांनी करून टाकलीय. हे तर काहीच नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत ‘राइया’ म्हणजे नागरिक आणि ‘उराइया’ म्हणजे नागरिकत्व. अरबी गलबतांतून उतरलेलं मेंढरू तिथं मतदार झालं.

इंडोनेशियात जपानी अमलापासून स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंत प्राथमिक शाळेला ‘सकोला राक्यात’ म्हणत. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून ते नाव आहे. २०२५ च्या जुलैत सरकारनं ते पुन्हा बाहेर काढलं, गरीब घरच्या मुलांसाठीच्या निवासी शाळांना दिलं. रयतेची शाळा, आणि तीही बोर्डिंग. हे वाचलं तेव्हा मी उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. कारण साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवून बोर्डिंग सुरू केलं ते १९२४ साली. तीन वर्षांनी गांधीजी येऊन गेले, त्यांच्या हातून त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. कोठीत दाणा नव्हता तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं, ही गोष्ट इथल्या प्रत्येक घरात सांगितली जाते.

भाऊरावांची रयत शिक्षण संस्था त्याच्याही आधीची, १९१९ ची, कराडजवळच्या काले गावातली. त्या साली रयत म्हणजे कोण होती? सातारा जिल्ह्यात इंग्रजांची, औंधात पंतांची, सांगलीत पटवर्धनांची. प्रत्येकाच्या आधी कुणाचं तरी ‘ची’ होतं. भाऊरावांनी नावात रयत घेतली आणि तिच्याआधी कुणालाच बसवलं नाही. शाळेत मराठीचे मास्तर समासाचा विग्रह करायला सांगायचे. रयत शिक्षण: रयतेचं शिक्षण, रयतेसाठी शिक्षण, की रयतेनं उभं केलेलं शिक्षण? आमच्या वर्गात यावर दोन तट पडले आणि मास्तरांनी तिन्हींना मार्क दिले. व्याकरणाच्या पेपरात तपासनीस काय म्हणाला असता कोण जाणे. पण तिन्ही विग्रहांत रयत ही करणारी, घेणारी किंवा जिचं आहे ती. कुणाच्या ताब्यातली वस्तू ती एकाही विग्रहात होत नाही.

औंधाची गोष्ट तर याहून ठळक. १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपणहून संस्थानाची घटना केली आणि कारभार निवडून आलेल्या गावपंचायतींकडे सोपवला. आटपाडी, कुंडल ही आजच्या सांगली जिल्ह्यातली गावं त्या संस्थानात होती. पुढं १९४३ पासून याच मुलखात इंग्रजांना न जुमानणारं लोकांचं प्रतिसरकार चाललं. ज्या मातीत एका राजानं ‘माझी रयत’ म्हणायचा हक्क कागदावर सही करून सोडला, त्याच मातीत पंच्याऐंशी वर्षांनी निवडून आलेला माणूस तो हक्क फ्लेक्सवर छापून परत घेतो, आणि आपण त्या फ्लेक्सखाली उभं राहून सेल्फी काढतो.

यावर मला हमखास ऐकवलं जातं, की अहो, शिवछत्रपतींनी वापरलेला शब्द आहे, त्यात कमीपणा कसला? शब्दात कमीपणा नाहीच. पण महाराजांनी तो कुठं वापरला ते तरी बघा. १६७३ साली चिपळूणकडे छावणी टाकून असलेल्या लष्कराला पाठवलेलं पत्र आपण सगळे नाव घेतो, वाचत कमी. त्यात बजावलंय की दाणा हवा, गवत हवं, भाजीपाला हवा, तर बाजारात जाऊन विकत आणा. कुणब्याच्या घरचं उचलू नका. नाहीतर लोक म्हणतील मोगल बरे. तिथं बोट दाखवलंय ते आपल्याच माणसांकडे. आजच्या भाषणात रयत येते ती टाळी घेण्यापुरती, कार्यकर्त्याला ‘हप्ता घेऊ नकोस’ असं बजावताना येत नाही. आपण त्या शब्दातला कळप ठेवला आणि मेंढपाळाचा जाब टाकून दिला. शिवाय राजाला रयतेनं निवडलं नव्हतं, दर पाच वर्षांनी तिच्या दारात जायचं नव्हतं. ज्याला ज्यांनी नेमलं, त्यानं त्यांनाच ‘माझे’ म्हणणं म्हणजे सालगड्यानं मालकाला ‘माझा मालक’ म्हणून गावभर मिरवून शेवटी घरच बळकावण्यातला प्रकार.

दुसरं टोक गाठणारेही भेटतात. शब्द अरबी, म्हणून टाका, ‘प्रजा’ म्हणा. त्यांना विचारावंसं वाटतं, प्रजेचा अर्थ काय? लेकरं. बाप वर आणि लेकरं खाली. मेंढपाळाच्या जागी बाप आला एवढंच. मराठीनं तरी एक शहाणपणा केलाय. प्रजेला सत्ताक जोडून २६ जानेवारीचं नाव प्रजासत्ताक ठेवलं. हिंदीत त्याच दिवसाला गणतंत्र म्हणतात, तिथं प्रजा येतच नाही. आपण लेकरांच्या हातात सत्ता दिली. मग रयतेच्या हातात द्यायला काय हरकत होती? शब्द कुठून आला यापेक्षा आपण त्याला कुठवर नेला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. महाराजांच्या वेळी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला, त्यानंतरही रयत टिकली. लोकांनी तिला आपली मानली होती.

आणि तिसरा आक्षेप, जो मला खरोखर अडवतो. शब्दानं काय होतं? इंडोनेशियात राक्यातच्या हातात सार्वभौमत्व लिहिलं आणि पुढं सुहार्तोनं बत्तीस वर्षं राज्य केलं. रयतेच्या वकिलांचं सभागृह तेव्हाही होतं, माना डोलवायला. हे मान्य केल्याशिवाय पुढं बोलता येणार नाही. शब्द बदलला म्हणून पोलिसाची काठी हलकी होत नाही. तरी २०२५ चा ऑगस्ट बघा. खासदारांना दरमहा ५ कोटी रुपिया घरभत्ता मिळतो, म्हणजे राजधानीतल्या किमान मजुरीच्या दहापट, हे बाहेर आलं आणि माणसं रस्त्यावर उतरली. पोलिसांच्या गाडीखाली मोटारसायकल टॅक्सी चालवणारा एक पोरगा मेला, तेव्हा गावोगाव भडका उडाला. शेवटी तो भत्ता मागे घ्यावा लागला. सभागृहाच्या पाटीवर राक्यात लिहिलेलं असलं की ‘हे कुणाचं घर?’ असं विचारायला निदान जागा राहते. आपल्या जिल्हा परिषदेत काही बिनसलं तर आपण काय म्हणतो? “साहेबांच्या कानावर घाला.”

म्हणजे खोट एकट्या माइकवाल्याची नाही. ‘माझी’ त्याच्या तोंडी येतं, कारण ‘तुमचाच’ आपल्या तोंडी आधीपासून असतं. ‘मायबाप सरकार’ आपणच म्हणतो. हल्ली त्यात एका सरकारी शब्दाची भर पडलीय: लाभार्थी. रस्ता झाला की लाभार्थी, घरकुल मिळालं की लाभार्थी, आपल्याच कराच्या पैशातून. निवडणुकीत लाभार्थ्यांचे मेळावे होतात. नागरिकांचा मेळावा असं कधी ऐकलंत? रयत, प्रजा, लाभार्थी: तीन काळांतले तीन शब्द, आणि तिन्हींत माणूस हात पुढं केलेला. इतर मुलखांतल्या लोकांनी पहिल्या शब्दाचा हात हळूहळू मागे घेऊन मुठीत वळवला. आपण नवाच शब्द काढून तो पुन्हा पुढं केला.

कायद्यानं तर आपल्याला केव्हाच मोकळं केलंय. माहितीचा अधिकार २००५ चा, तो ‘नागरिकांना’ आहे. दहा रुपयांचं तिकीट लावायचं, काय हवं ते लिहायचं; का हवं ते सांगायचीही गरज नाही. राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा, त्यात दाखल्याला मुदत आहे, मुदत टळली तर अपील आहे, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड आहे. सगळं आहे. अर्जाची भाषा मात्र पेशवाईतून हलायला तयार नाही.

गेल्या महिन्यात मला त्याचा अनुभव आला. आमच्या वावराच्या सातबाऱ्यावर संगणकात उतरवताना वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं, आणि त्या एका अक्षरापायी सोसायटीचं कर्ज अडलं. कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा. कचेरीबाहेर टपरीत कॉम्प्युटर घेऊन बसणारा एक पोरगा हे अर्ज काढून देतो. हुशार, बोटं फार चपळ. त्यानं स्क्रीनवर तयार मजकूर आणला. वर ‘मे. तहसीलदार सो. यांचे सेवेशी’. मध्ये ‘विनंती अर्ज करतो की’. मग ‘मी गरीब शेतकरी असून’. मी गरीब नाही म्हटलं. तो म्हणाला, राहू द्या, असतंय ते. खाली ‘तरी मेहेरबानी होऊन’. आणि शेवटी सहीच्या वर ‘आपला कृपाभिलाषी’.

चूक कचेरीची. अक्षर त्यांच्याकडून पडलेलं. दुरुस्ती माझा हक्क. आणि कृपेची अभिलाषा मी धरायची?

“हे काढ,” म्हटलं.

“काय?”

“कृपाभिलाषी.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. “काका, फॉरमॅटच हाय तो. आजपतोर कुणी काढला न्हाई.”

“काढता येतो का?”

“येतो की. पर मग तिथं मोकळी जागा राहती. तिथं काय टाकू?”

मागे रांगेत चार माणसं उभी होती. एकाच्या हातात वारसनोंदीचे कागद, एकीच्या हातात निराधार पेन्शनचे. मला ‘नागरिक’ सुचलं होतं, पण ते त्या टपरीत, त्या रांगेसमोर, नाटकी वाटलं असतं. नुसतं ‘अर्जदार’ टाक म्हणालो. त्यानं टाकलं, प्रिंट काढली, वीस रुपये घेतले. आत खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उलटून पाहिला, तिकीट तपासलं, शिक्का मारला आणि पोच माझ्याकडे सरकवली. शेवटची ओळ त्यांनी वाचलीही नाही.

बाहेर आलो तर तो पोरगा पुढच्या माणसाचा अर्ज काढत होता. स्क्रीनवर खाली ‘अर्जदार’ तसाच राहिला होता. माझ्या अर्जानंतर तो बदलायचा त्याच्याकडून राहून गेला होता.